टकलूचं न दिसलेलं मरण

सुभ्या गेल्याची बातमी मला जग्गूकडून कळली, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. शिरूरच्या आमच्या जुन्या पोरांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. पोरं म्हणजे आता सगळेच साठीला टेकलेले. त्यावर सकाळी जग्गूचा मेसेज आला, ‘आपला सुभाष आपल्यात राहिला नाही.’ खाली जोडलेले हात, दोन-चार फुलं. मी दौंडला घरी चहा घेत होतो. कप तसाच राहिला. पण पहिलं मनात काय आलं, ते लाज सोडून सांगतो... पहिलं आलं ते हे, की ह्याला कसं आधी कळलं? आणि ‘आपला’ कुणाचा? सुभ्याचा जिवलग मी. शाळेत एका बाकावर मी, घोडनदीत पोहायला मी, एका ताटात जेवायला मी. जग्गू तर आठवीत नापास होऊन आमच्या वर्गात आलेला. पहाटे सुभ्याच्या छातीत दुखलं आणि दवाखान्याच्या दारातच तो संपला. नेमका जग्गूचा बंगला सुभ्याच्या घराच्या मागं, म्हणून गाडी काढायला तो होता. मी असतो तर मीही काढली असती. पण मी रेल्वेत नोकरीला लागून दौंडला आलो आणि इथलाच झालो, त्याला काय करणार!

दशक्रियेला मी दोन शब्द तयार करून गेलो होतो. आमच्याकडे नदीकाठी दहाव्याला प्रवचन होतं आणि मग माईकवरून श्रद्धांजली. एकेकाचं नाव पुकारतात, माणूस पुढं येतो आणि गेलेल्याबद्दल थोडं, स्वतःबद्दल जास्त बोलतो. सोसायटीचे झाले, पतसंस्थेचे झाले, नगरपालिकेतले माजी झाले, आणि मग जग्गूचं नाव आलं. जग्गू बोलला की हो! ‘मी आणि सुभाष व्हिडिओवर कराटेचा पिक्चर बघायचो,’ म्हणाला. सगळा पिक्चर सांगितला, टकलूचं नाव घेतलं, हशा घेतला, डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत खिशातला कागद चाचपत बसलो. त्यानंतर निवेदक म्हणाला, ‘वेळेअभावी बाकीच्यांनी जागेवरूनच श्रद्धांजली वाहावी.’ मी जागेवरूनच वाहिली. पलीकडं पिंडाला कावळा पटकन शिवला. माझ्या वडिलांच्या वेळी दुपार कलली होती, सगळी भावकी उन्हात ताटकळली होती. सुभ्याचं मात्र सगळंच असं, कावळासुद्धा त्याला ताटकळत ठेवत नाही.

म्हणून हे इथं लिहितोय. माईक मिळाला नाही, निदान पुरवणीत जागा मिळाली.

तर तो पिक्चर. आम्ही नुकतं कॉलेजात पाऊल टाकलं होतं, तेव्हा शिरूरला व्हिडिओची साथ आली होती. बाजारपेठेच्या मागं भुईमुगाच्या शेंगांचं एक गोडाऊन होतं. शेंगांचा हंगाम सरला की मालक तिथं टीव्ही आणि व्हिडिओ लावायचा आणि पोत्यांवर बसून आम्ही पिक्चर बघायचो. सुभ्याला लहानपणापासून रेडिओ उघडून बघायचा नाद, त्यामुळं मशिन चालवायला मालकानं त्यालाच ठेवलेलं. एकदा पुण्याहून आणलेल्या टेपांत एक कराटेचा पिक्चर आला. सगळा चिनी भाषेत. हिंदी नाही, इंग्रजी नाही, खाली अक्षरं नाहीत. लोक पाचच मिनिटांत ओरडायला लागले, पैसे परत मागायला लागले. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा सुभ्या टीव्हीशेजारच्या लाकडी स्टुलावर चढून बसला आणि म्हणाला, “गप बसा, मी सांगतो काय बोलत्यात ते.”

आणि त्यानं सांगितलं! त्याला चिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पांढऱ्या मिशीचा व्हिलन पडद्यावर आला तसा सुभ्या म्हणाला, “हे आपले चेअरमन.” गोडाऊन हसून हसून आडवं झालं. आंधळा म्हातारा गुरू होता, ते ‘आबा’. डोंगरावर त्यांची तालीम. चेअरमननं तालमीचं पाटाचं पाणी तोडलंय, कारण त्याला ती जमीन पाहिजे. आबांचे दोन पठ्ठे. एक पिवळ्या कपड्यातला हिरो, त्याचं नाव ‘पिवळ्या’. आणि दुसरा तुळतुळीत डोक्याचा, हवेत उडून तीन माणसांना एका दमात लाथ घालणारा... तो ‘टकलू’. आबा चिनीत लांबलचक काहीतरी बोलायचे आणि सुभ्या म्हणायचा, “लेकरांनो, आधी भाकरी खा, मग मारामाऱ्या करा.” पिवळ्या आकाशाकडं बघून ओरडायचा आणि सुभ्या म्हणायचा, “चेअरमन, पाणी सोडता का येऊ तिकडं?” पाण्याच्या पाळीसाठी भांडून आलेली माणसं पोत्यांवर उभी राहून टाळ्या पिटायची.

आता माझं ऐका. त्या उन्हाळ्यात मला टायफॉईड झाला होता आणि डोक्यावरचे सगळे केस गेले होते. सोळा-सतराचं वय आणि डोकं असं नागडं. मी उकाड्यातसुद्धा माकडटोपी घालून हिंडायचो. आरशात बघायचो नाही, कॉलेजच्या बाजूला फिरकायचो नाही. त्या पहिल्या दिवशी पिक्चर ऐन रंगात असताना लाईट गेली आणि अर्ध्यातच खेळ सुटला. बाहेर आलो तर कुणीतरी माझी टोपी खेचली आणि ओरडला, “अय, टकलू आला रं!” मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. पण ते चिडवणं नव्हतं. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, बाजारपेठेतून मिरवलं. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. “टकलूकडनं पैसे घ्यायचे व्हय?” म्हणाला. टोपी त्या गर्दीत कुठं गेली ते मी शोधलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पुढचा भाग. गोडाऊन खचाखच. पिवळ्या गावाला गेलाय, तालमीत आंधळे आबा आणि टकलू दोघेच, डोंगराखाली चेअरमनची माणसं जमलीत... आणि नेमक्या तिथं पडद्यावर मुंग्या आल्या. सुभ्यानं मशिन बंद केलं. “हेड पुसायला लागंल,” म्हणाला. व्हिडिओच्या हेडवर घाण बसली की चित्र जायचं, आणि ते पुसायला त्या काळी सगळे कोरी नोट वापरायचे. सुभ्याच्या शर्टाच्या खिशात दोन रुपयांची एक करकरीत नोट याच कामाला ठेवलेली असायची. आमच्याकडं पाठ करून, झाकण उघडून तो पुसायला लागला आणि पुसता पुसता, मागं न बघता, पुढचं सांगायला लागला. टकलू कसा एकटा फाटकात उभा राहिला. कसा म्हणाला, आबांना हात लावायच्या आधी माझ्याशी गाठ हाय. कसा तलवारीचा वार त्यानं स्वतःच्या छातीवर घेतला... गोडाऊनमध्ये हुंदके. शेजारचा एक हमाल, चांगला आडदांड गडी, माझा खांदा दाबून रडत होता. चित्र परत आलं तेव्हा आबांची चिता जळत होती आणि पिवळ्या पांढरे कपडे घालून शपथ घेत होता.

मी भडकलोच. म्हणजे, सगळ्या पिक्चरभर पिवळ्याचे सीन ठणठणीत, आणि माझ्या मरणालाच टेप अडकते! तो पिक्चर लोकांच्या आग्रहावरून पुढं कित्येक वेळा लागला आणि दर वेळी त्याच जागी मुंग्या आल्या, दर वेळी सुभ्यानं कोरी नोट काढली. मी शिट्ट्या मारून, पोती बडवून गोडाऊन डोक्यावर घ्यायचो. “लवकर पूस की रं! दुसरी टेप का आणत नाहीस?” असं सगळ्यांत मोठ्यानं मीच बोंबलायचो. सुभ्या म्हणायचा, “आणतो की. पुण्याला गेलो की आणतो.” पुण्याला दहादा गेला, टेप काही आणली नाही.

तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते कायमचं. कराटे मी करत होतो. नदीकाठच्या केळीच्या खुंटांना लाथा मारून मारून माझ्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या, एका बुक्कीत मी कौल फोडायचो. सुभ्याचा पाय कमरेच्या वर जात नव्हता, दोन जिने चढला की धाप लागायची. पण बाजारात लोक विचारायचे कुणाला? “सुभ्या, आज काय सांगणार?” कॉलेजच्या पोरी गोडाऊनच्या पत्र्याला कान लावायच्या त्या सुभ्यासाठी. माझ्या लग्नाच्या बघायच्या कार्यक्रमाला मी त्याला सोबत नेलं, ती तर निव्वळ अक्कलशून्यता. मी पोहे खात मान खाली घालून बसलो आणि त्यानं सासऱ्यांपासून शेजारच्या मावशींपर्यंत सगळ्यांना हसवून लोळवलं. बायको अजून म्हणते, “मला आधी वाटलं, मुलगा तोच.” म्हणते आणि हसते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

दौंडला आल्यावर मी एकदा पार्सल ऑफिसमध्ये तोच पिक्चर सांगून बघितला. डिट्टो सुभ्याची वाक्यं, सुभ्याचे हातवारे. आबांच्या भाकरीपर्यंत आलो आणि बघतो तर आमचे हेडक्लार्क बसल्या जागी घोरत होते. दुसऱ्यानं मध्येच विचारलं, “चार नंबरवर गाडी लागली का?” त्या दिवशी मी इतका चिडलो की सुभ्याचा फोन आला तो मुद्दाम उचलला नाही. त्याचा काय दोष होता, असं तुम्ही विचाराल. त्याचा दोष हाच की त्याला जमत होतं.

पुढं व्हिडिओ गेले. सुभ्यानं शिरूरला टीव्ही रिपेअरिंगचं दुकान टाकलं, ते स्टूल तिथं नेलं. त्यावर बसूनच तो आयुष्यभर तुटलेल्या तारांना सोल्डरिंगचे डाग देत राहिला. टीव्हीचे दिवस गेले तसे मिक्सर, पंखे, मग सणसवाडीच्या कंपनीतल्या पोरांचे मोबाईल. बिहारची, ओडिशाची ती पोरं मोबाईल दुरुस्त होईस्तोवर त्याच्या गोष्टी ऐकत बसायची. हिंदीची पार वाट लावत सांगायचा, पण पोरं हलायची नाहीत. वर्षातून एक-दोनदा तो एसटीनं मला भेटायला दौंडला यायचा, कधी हुरडा घेऊन, कधी वांगी. आम्ही स्टेशनवरच्या बाकावर चहा घेत बसायचो. अशाच एका दुपारी मी त्याला बोललो होतो. त्याच्या कौतुकाची कुठलीशी गोष्ट निघाली होती आणि माझं डोकं सणकलं. म्हणालो, “सुभ्या, तू आयुष्यभर नुसता बोललास. पिक्चरमध्ये छातीवर वार घेतला तो टकलूनं. ते माझं. तुझ्या पिवळ्याच्या बापालासुद्धा जमलं नसतं.” बोलून गेल्यावर मला वाटलं, हा आता काहीतरी टोला हाणणार. सुभ्यानं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, “व्हय बाबा. ते तुझंच काम.” मला इतकं बरं वाटलं! त्याच्याकडं सगळं होतं, पण हे एक माझ्याकडं होतं आणि ते त्यानं तोंडानं कबूल केलं. त्याची एसटी सुटेपर्यंत मी खुशीत होतो.

सुभ्याला जाऊन महिना व्हायला आला तेव्हा ग्रुपवर परत जग्गू. त्याला तो पिक्चर इंटरनेटवर सापडला! सापडणार कुणाला, तर जग्गूला. लिंक टाकली आणि खाली, ‘महिन्याच्या दिवशी सुभाषच्या घरी जमू आणि सगळे मिळून बघू.’ मी ती लिंक उघडली नाही. जग्गूच्या उपकारानं मला माझं मरण बघायचं नव्हतं. पण शिरूरला गेलो. न जाऊन सांगतो कुणाला!

सुभ्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्या शेजारी दुकानातून आणून ठेवलेलं ते स्टूल. जुनी सात-आठ डोकी खाली सतरंजीवर. मंदावहिनी, म्हणजे सुभ्याच्या मिसेस, हातात रिमोट घेऊन दाराशी बसल्या होत्या. पिक्चर अजून चिनीतच होता, फक्त आता खाली इंग्रजी अक्षरं होती. “वाचायला कुणाला जमंल?” अशी चुळबुळ झाली. जग्गू घसा खाकरून उठायला लागला, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बसा स्टुलावर. तुमाला इंग्रजी येतं, आन् त्यांचं सगळं पाठ बी हाय.” जग्गू खाली बसला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दशक्रियेच्या माईकची भरपाई झाली, असं मला वाटलं. सुभ्याच्या घरात, सुभ्याच्या महिन्याच्या दिवशी असं वाटलं, पण वाटलं.

पिक्चर सुरू झाला आणि मी चक्रावलो. खालची इंग्रजी अक्षरं काहीतरी भलतंच सांगत होती. पाणी नाही, पाट नाही, भाकरी नाही. चेअरमन हा कुठल्याशा बादशहाचा सरदार होता आणि आबांच्या आश्रमात लपवलेली एक जादूची मूठ त्याला पाहिजे होती. आबा कुणालाच जेवायला सांगत नव्हते, उलट दर दोन वाक्यांना शिस्त, शिस्त करत होते. अगदी रुक्ष म्हातारा. मी अक्षरं वाचायचं सोडून दिलं आणि सुभ्याचंच सांगायला लागलो. “लेकरांनो, आधी भाकरी खा...” पहिल्यांदा खोली हसली. मग वहिनी हसल्या. पार्सल ऑफिसमध्ये न जमलेलं इथं जमायला लागलं. मी हातवारे करायला लागलो, चेअरमनचा आवाज काढायला लागलो. पडद्यावर टकलू हवेत उडाला तेव्हा सगळे माझ्याकडं बघून ओरडले. माझं डोकं आता परत तसंच झालंय, वयानं.

आणि ती जागा आली. पिवळ्या गावाला गेला. डोंगराखाली माणसं जमली. मी स्टुलावरून उठलोच. म्हणालो, “आता बघा गड्यांनो! इतकी वर्षं टेपनं दाखवलं न्हाई. आज टकलूचं मरण बघा.” माझा आवाज चढला होता. पडद्यावर टकलू फाटकापाशी आला. मागं वळून त्यानं आबांच्या खोलीकडं बघितलं. मग अडसर काढला. फाटक स्वतःच्या हातानं उघडलं. बाहेर चेअरमनचा माणूस उभा होता, त्याच्याशी तो हळू आवाजात बोलला आणि खाली अक्षरं उमटली. म्हातारा आतल्या खोलीत झोपलाय, त्याची काठी मी लपवून ठेवलीय...

चित्र थांबलं.

“नेट गेलं वाटतं,” वहिनी म्हणाल्या.

“नेट कसं जाईल?” जग्गू मोबाईल वर धरून म्हणाला. “माझं तर चालू हाय.”

“आमचं गेलं,” वहिनी म्हणाल्या.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. इंग्रजी त्यांच्यातल्या कुणी वाचलं नव्हतं, एवढं झटकन वाचणारं तिथं कुणी नव्हतंच. “काय म्हणला रं टकलू?” एकानं विचारलं. पडद्यावर टकलू उघड्या फाटकात तसाच उभा, आणि खोलीतली सगळी म्हातारी पोरं माझ्याकडं चाळीस वर्षं ज्या नजरेनं बघत आली त्याच नजरेनं बघत होती. बाजारपेठेतली ती मिरवणूक, तो चहावाला, गर्दीत गेलेली टोपी... सगळं माझ्या त्या एका वाक्यावर येऊन उभं राहिलं. खरं सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पिक्चर तर होता. हसले असते, विसरले असते. पण मला ते तोंडातून काढता येईना.

“तो म्हणला,” मी बोललो, “आबांना हात लावायच्या आधी माझ्याशी गाठ हाय.” मग पुढचं सगळं सांगितलं. तलवार, छाती, वार. सुभ्याचे शब्द, सुभ्याची तीच गती. कुणीतरी नाक ओढलं. वहिनींनी मान खाली घालून रिमोटचं बटण दोन-तीनदा दाबलं, आणि नेट आलं तेव्हा पडद्यावर आबांची चिता जळत होती.

पिक्चर संपला, चहा झाला. जग्गू जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “बरं सांगितलंस. पण सुभ्या तो सुभ्या.” एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी म्हणालो, “व्हय.”

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. वहिनी कप विसळत होत्या. मी विचारलं, “वहिनी, टेपला काय झालं होतं?”

“टेपला काय झालं न्हवतं, भाऊजी. ट्रॅकिंगचं बटन फिरवलं की मुंग्या येत्यात. मग पुसायचं नाव करून टेप तेवढी पुढं पळवायची.” त्यांनी हात पुसले. “पहिल्या दिवशी लाईट गेली, पिक्चर अर्धा राह्यला. तुमाला खांद्यावर घेऊन पोरं गेली आन् हे गोडाऊनात थांबले. लाईट आल्यावर एकट्यानं पुढचं बघितलं. मला म्हणले होते, त्यानं आजच टोपी टाकली, आता उद्या हे कसं दाखवू?”

“तुम्हाला कधी सांगितलं त्यानं?”

“लग्न झालं तवाच.”

म्हणजे यांना इतकी वर्षं माहीत होतं. मला नाही. माझ्या आत परत ते ओळखीचं दुखणं उठलं... माझ्याबद्दलची सुभ्याची सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती त्यानं सांगितली दुसऱ्या कुणाला तरी. जळायला मला काय, कारण लागतं का? मी वहिनींवरही जळलो. त्या आत गेल्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या डब्यातून काहीतरी घेऊन आल्या. “त्या पिक्चरला खिशातनं काढायचे ते हेच. तुमच्याकडं असू द्या,” म्हणाल्या.

दौंडला आल्यावर मी लिंक उघडून ते फाटकापासून चितेपर्यंतचं सगळं बघितलं, एकट्यानं, दाराला कडी लावून. टकलू आबांना मारू देतो. चिता पेटायच्या आधीच, पळताना पिवळ्या त्याला गाठतो, तेव्हा तो पाया पडतो, रडतो, गयावया करतो आणि शेवटी कड्यावरून पडून मरतो. छातीवर वार वगैरे काही नाही. पाठीला पाय लावून पळणारा माणूस. सुभ्याकडं सगळं होतं आणि माझ्याकडं एवढा एक टकलू होता, असं मी धरून चाललो होतो. तोही सुभ्याचाच निघाला. स्टेशनवरच्या बाकावर मी त्याला नाही नाही ते बोललो तेव्हा त्याच्या हातात हे सगळं होतं. एक शब्द बोलला असता तर मी कायमचा गप्प झालो असतो. आणि तो म्हणाला, ते तुझंच काम. असं कुणी करतं का? मला सांगायचं तरी होतंस, लेका. मला परतफेड म्हणून काही करू द्यायचं होतंस. आता मी कुणासाठी काय करू?

वहिनींनी दिलेली ती दोन रुपयांची नोट माझ्या मोबाईलच्या कव्हरात आहे. रोज काढून बघतो. हेड पुसलं की नोटेवर काळा-तपकिरी ओरखडा उठतो, जन्माचा. ही नोट उजेडात धरली, उलटीपालटी केली, कडा बघितल्या. कुठंही डाग नाही. आमच्याकडं पाठ करून तो नुसता उभा राहायचा आणि बोलायचा... आणि मागं पोत्यावर उभा राहून सगळ्यात मोठ्यानं शिट्ट्या मारत होतो, तो मी.